अकरा क्लबांचा जावई

बोईसर,
१२ जानेवारी २०२६

चि. कुशलराव यांस चंद्रभानचे आशीर्वाद.

सासऱ्याचं पत्र पाहून दचकू नका. घरी सगळे खुशाल आहेत. प्रतीक्षाला हॉस्पिटलात या आठवड्यात दुपारची पाळी आहे. समिधा तिसरीत असूनही पाचवीतल्या मुलींशी भांडून जिंकते. पत्र एवढ्यासाठी, की फोनवर आपलं दोघांचं काही जमत नाही. तुम्ही म्हणता, "बाकी काय, मामा?" मी म्हणतो, "बाकी ठीक." मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो आणि शेवटी मी फोन समिधाच्या हातात देतो. वीज केंद्रात एकतीस वर्षं पाळ्या केल्या. पाळी सोडताना पुढच्या माणसासाठी सगळं वहीत लिहून ठेवायची सवय लागली, ती सुटली नाही. या पत्राचीही कार्बन कॉपी माझ्या फायलीत राहणार आहे.

आता मुद्दा. वरच्या मजल्यावरचा सुजित काल त्याच्या मोबाईलवर तुमचा सामना लावून बसला होता. सदुसष्टाव्या मिनिटाला तुम्ही डोक्याने गोल केलात. मी खुर्चीतून उठलो, समिधा ओरडत गच्चीपर्यंत गेली. आणि तुम्ही? दोन्ही हात छातीपर्यंत वर करून, मान खाली घालून उभे! बरोबरची मुलं अंगावर उड्या मारतायत आणि तुम्ही परक्या लग्नात चुकून पंगतीला बसलेल्या माणसासारखे ओशाळलेले. डिसेंबरातही एकदा असंच पाहिलं होतं. तेव्हा वाटलं, पोटात दुखत असेल.

सुजित त्याच्या कारखान्यातल्या हिंदीत म्हणाला, "अंकल, सामनेवाली टीम से सेटिंग तो नहीं?" त्याला मी घराबाहेर काढलं. चहा पाजून काढलं, पण काढलं. तरी तो शब्द डोक्यातून जाईना. आज सकाळी विहीणबाई तुमच्या माहीम गावाहून विड्याची पानं नि केळी घेऊन आल्या, त्यांना तो गोल दाखवला. त्या म्हणाल्या, "माजा पोर कोनाला फसवनारा नाय. पन तोंडावं हसू का नाय, ते तुमीच इचारा. आमी इचारलं तर 'बरा हाय' म्हनंल."

म्हणून विचारतो. तुम्ही कुठे अडकला आहात का? असाल तर मला सांगा. प्रतीक्षाला या पत्राबद्दल बोललेलो नाही. ती थकून येते, त्यात हे नको.

आपला,
चंद्रभान

*

कोझिकोड,
२४ जानेवारी

तीर्थस्वरूप मामांस, कुशलचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र क्लबच्या ऑफिसात आलं. इथे कागदावरचं पत्र फक्त कोर्टाकडून किंवा इन्कमटॅक्सकडून येतं, त्यामुळे मॅनेजर ते माझ्या हातात देताना दोन पावलं लांब उभा होता. वाचून मी इतका हसलो की शेजारच्या खाटेवरचा गोलकीपर उठून बसला.

मामा, सेटिंग वगैरे काही नाही. आमच्यात एक रीत आहे. ज्या क्लबचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध गोल केला, तर नाचायचं नाही. हात वर करून त्यांच्या लोकांची माफी मागायची. काल तुमच्यासाठी खेळलो, आज पोटासाठी तुमच्यावर चाललो, राग मानू नका, असा त्याचा अर्थ. त्या दिवशीचे आणि डिसेंबरातले, दोन्ही माझे जुने क्लब.

घोळ एवढाच की माझे जुने क्लब फार झालेत. चौदा वर्षांत अकरा. मुंबई, गोव्यात दोन, कोलकाता, लुधियाना, इम्फाळ, मधे दीड वर्ष मालदीव, मग थिंफू, बंगळुरू, पुन्हा कोलकात्यात दुसरा, आणि आता हा. स्ट्रायकर म्हणजे भाड्याचा बैल. गोल पडताहेत तोवर वैरण. आता समोरच्या मैदानात कुठलाही झेंडा दिसला की आधी आठवावं लागतं, यांच्याकडे मी होतो का? या मोसमात सात गोल केले, त्यांतले पाच माफी मागून. उरलेले दोन केले तेव्हा सवयीने हात आपोआप वर गेले. मुलं विचारायला लागली, इथे कधी होतास रे?

हसू येत नाही हे आईने बरोबर ओळखलं. पण दुःख आहे असंही नाही. काय आहे, तेच कळत नाही. मे महिन्यात करार संपतो. वय चौतीस. पुढे काय करायचं हे मला ठरवता येत नाही. प्रतीक्षाचा कल काय दिसतो? म्हणजे मी परत यावं असं वाटतं, की मी नसल्याची सवय झाली आहे? मी विचारलं तर ती "तुला हवं ते कर" म्हणेल आणि मग ते तिच्या मनातलं की माझ्या भल्यासाठीचं, हे मला कळणार नाही. तुम्ही रोज तिच्यासमोर असता. जमलं तर अंदाज घ्या. मी विचारलंय असं मात्र सांगू नका.

आपला,
कुशल

*

बोईसर,
९ फेब्रुवारी

चि. कुशलराव यांस आशीर्वाद.

तुमच्या खुलाशाने जीव भांड्यात पडला. सुजितला तो वाचून दाखवला. त्याने कान पकडले आणि आणखी एक चहा घेतला.

तुमची रीत मला आवडली. पण मनात आलं, की हा माणूस ज्याच्या घरी राहिला त्या प्रत्येकाला इतका जपतो, मग याचा स्वतःचा क्लब कुठला? असो. म्हाताऱ्याचे विचार.

प्रतीक्षाचा कल पाहण्याचं काम अवघड आहे. वीज केंद्रात समोर काटे असायचे. काटा हिरव्यात की लाल पट्ट्यात, एवढं बघायचं आणि वहीत लिहायचं. मुलीच्या तोंडावर काटा नसतो. मी सहज म्हणून विचारलं, "कुशलराव पुढे काय करणार म्हणे?" ती समिधाचा गणवेश इस्त्री करत होती. म्हणाली, "ठरवतील त्यांचं ते." आवाज चढला नाही, उतरला नाही. परवा मात्र समिधाच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा उघडून बसली होती. तुमच्या एकेका गावावर बोट ठेवून समिधाला सांगत होती, इथे तुझे बाबा होते, इथे पण होते. पुस्तक मिटल्यावरही थोडा वेळ तशीच बसली. पोरीला तुमचं लांब असणं सोसवत नाही, असा मी अर्थ काढला. तुम्ही परत यावं अशीच तिची इच्छा आहे. तोंडाने ती म्हणणार नाही, शेवटी माझीच मुलगी.

तेव्हा आता माझं बोलावणं. सतरा मेपासून अधिक महिना आहे, धोंड्याचा महिना. मागल्या अधिकात तुम्ही थिंफूत होता, आणि तुमच्या सासूबाई, राही, गेल्यापासून या घरात कसलंच वाण झालं नाही. या वेळी जावयाचा मान रीतसर करायचा. तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा, कपडे, सगळं. अनारसे मी शिकतो आहे. पहिला घाणा तुपात विरघळून गेला, पण हार मानलेली नाही. पुढची खोली तुमच्यासाठी रिकामी करतो, समिधाचं टेबल मागे हलवतो. तुम्हाला कशालाही हात लावावा लागणार नाही. महिनाभर राजासारखे राहा.

आपला,
चंद्रभान

*

कोझिकोड,
३ मार्च

तीर्थस्वरूप मामांस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून आता सरळ लिहितो. राग मानू नका.

तुम्ही पुढची खोली रिकामी करता आहात हे वाचून मला कसंतरीच झालं. मागल्या दिवाळीत मी चार दिवस आलो होतो. सकाळी उठून चहा ठेवायला गेलो, तर तुम्ही माझ्या हातातून पातेलं काढून घेतलंत. "जावई आणि ओट्याशी?" मी बाहेर येऊन सोफ्यावर बसलो. आंघोळ झाल्यावर ओला टॉवेल घेऊन घरभर फिरलो, कारण तो कुठे वाळत घालायचा ते मला माहीत नव्हतं. शेवटी बॅगेवर ठेवला. समिधाने विचारलं, "बाबा, तुम्ही परत कधी जाणार?" तिला शाळेच्या गॅदरिंगची तारीख जुळवायची होती, हे नंतर कळलं. तेव्हा मात्र मी जेवण अर्धवट टाकून उठलो.

मामा, नव्या क्लबात गेलो की पहिल्याच दिवशी मला माझी खुंटी दाखवतात. अकरा ठिकाणी माझी खुंटी होती. तुमच्या घरात मी दहा वर्षं येतो आहे, पण तिथे मी पाहुणा आहे. यात तुमची चूक नाही. तुम्ही मान देता. तो मान मला फार दूर उभा करतो, एवढंच.

आणखी एक गोष्ट आहे. शिलाँगहून बोलावणं आलंय. तिथल्या एका निवासी अकादमीत मुलांना गोल करायला शिकवायचं, दोन वर्षांचं काम. राहायला घर आहे, अगदी तीन खोल्यांचं, समोर मैदान. मला ते काम हवं होतं, हे तुमच्यापाशी कबूल करतो. पण तुम्ही प्रतीक्षाचा कल कळवलात, आणि तिला पुन्हा हजारो मैलांवरून "काळजी घे" म्हणायची मला लाज वाटते. तिची नोकरी, समिधाची शाळा, तुम्ही, सगळं बोईसरला. त्यांना हलवणारा मी कोण? मी नकार कळवतो आहे. मेमध्ये येतो तो राहायलाच. एखाद्या कारखान्याला संघासाठी माणूस लागत असेल, नसेल तर स्टोअरमध्ये बसेन. नाहीच जमलं तर माहीमला दादाच्या हाताखाली पानवेली बांधेन.

प्रतीक्षाला यातलं सांगू नका. नकार देऊन झाल्यावर मीच सांगेन. मी मोहात पडलो होतो असं तिला वाटायला नको.

आपला,
कुशल

*

बोईसर,
२० मार्च

चि. कुशलराव यांस आशीर्वाद.

घोडं इथे पेंड खात होतं तर!

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. समिधाला वाटलं, माझी दाढ दुखते आहे. पातेल्याचं मला आठवतंय. मी ते प्रेमाने काढून घेतलं होतं. माझ्या सासऱ्यांनी मला कधी ओट्याकडे फिरकू दिलं नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. तुम्हाला तेच बोचलं. तुमचं खरं की माझं, ते मला सांगता येत नाही. दोन्ही खरं असेल.

पण मुळातलं दुखणं मला कळलं. घर सासऱ्याचं आहे. भरल्या घरात सासरा टाळ्या वाजवत उभा असला, की जावई मोकळेपणाने टॉवेल तरी कसा वाळत घालणार? लोक घरजावई म्हणतील ते वेगळंच. तेव्हा मी असं ठरवलं आहे, की मेच्या चौदा तारखेला मी नांदगावला कमलाकांतकडे जातो. धाकटा भाऊ आहे, नाही म्हणणार नाही. कायमचाच जातो. घर तुम्ही तिघांनी आपलं म्हणून वापरा. वाणाची तयारी करून ठेवतो. ते विहीणबाईंनी द्यावं की आणखी कुणी, हे भटजींना विचारलं. ते म्हणाले, असा प्रसंग पोथीत नाही.

मला तिथे करमेल असं खोटं लिहीत नाही. एकतीस वर्षं आणि वर निवृत्तीची नऊ, सगळी इथेच गेली. समिधा शाळेतून येते ती वेळ मला घड्याळाशिवाय कळते. पण तुमचा संसार एका छपराखाली येत असेल, तर म्हाताऱ्याने बाजूला व्हायला हवं. प्रतीक्षाला मी सांगितलंय, की गावाकडची हवा मानवते.

आपला,
चंद्रभान

*

बोईसर,
१९ मे

तीर्थस्वरूप मामांस नमस्कार.

मी सोळा तारखेला पोचलो. मार्चपासून तुम्हाला तीनदा फोन केला, "जाऊ नका" म्हणायला. तीनही वेळा आपण "बाकी ठीक" म्हणून थांबलो. मला वाटलं होतं, तुम्ही खरंच जाणार नाही.

न्हाणीघराबाहेर नवी खुंटी ठोकलेली दिसली. वर तुमच्या अक्षरात चिठ्ठी, "कुशलराव". मी तिथेच उभा राहून रडलो, हे तुम्हालाच सांगतो. डब्यात तेहतीस अनारसे आहेत. जाळी पडलेले नऊ, बाकीचे बिस्किटासारखे. समिधाने मोजून तीन भाग केले आणि चौथा तुमच्यासाठी काढून ठेवला. रोज विचारते, "आजोबा कधी येणार?"

शिलाँगला मी दहा एप्रिललाच नकाराचं पत्र पाठवलं होतं. आल्या दिवशी प्रतीक्षाला सांगितलं, की आता कुठेही जाणार नाही, चांगलं बोलावणं होतं तेही तुझ्यासाठी सोडलं. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. ती म्हणाली, "बरं." पर्स उचलली आणि ड्युटीला गेली. तीन दिवस झाले, मीठ-तिखटापलीकडे बोलत नाही.

मामा, मी परत आलो आणि तुम्ही गेलात. ज्यांच्यासाठी आलो ती बोलत नाही. चेंडू जाळीत आहे आणि पंच शिट्टी वाजवत नाही, असं झालंय. मी चुकलो कुठे? पुढच्या गाडीने परत या. मी सोफ्यावर बसेन, म्हणाल तर पातेल्याला हात लावणार नाही.

आपला,
कुशल

*

बोईसर,
२२ मे

बाबा,

कुशलने तुम्हाला पाठवायचं पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. जिवलग मैत्रिणी असल्यासारखे तुम्ही दोघं एकमेकांना एवढं काय लिहिता, म्हणून आधी तुमची फाईल काढली. भोकं पाडून, तारखांनी लावलेली, कार्बन कॉप्यांसकट. सगळं एका बैठकीत वाचलं. माझा इतका संताप झाला की भात करपला.

जानेवारीपासून तुम्ही दोघं माझ्याविषयी लिहिताय. प्रतीक्षाला सांगू नका, प्रतीक्षाचा कल बघा, प्रतीक्षा थकते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! नवऱ्याने बायकोच्या मनातलं कोझिकोडहून पत्र पाठवून सासऱ्याला विचारायचं, आणि सासऱ्याने मुलीच्या तोंडावर काटा शोधायचा. मी त्याच घरात होते, बाबा. शेजारच्या खोलीत. एकाने तरी यायचं, समोर बसायचं आणि विचारायचं, प्रतीक्षा, तुला काय हवंय?

मी सांगितलं असतं. त्या नकाशावर बोट ठेवून मी रडत नव्हते, चिडले होते. लग्नाला दहा वर्षं झाली. यातल्या सात गावांत माझा नवरा लग्नानंतर राहिला. मी एकही पाहिलेलं नाही. प्रत्येक वेळी तो म्हणाला, "तुम्हाला कशाला त्रास?" आणि प्रत्येक वेळी तुम्ही म्हणालात, "मुलीला इथे काही कमी पडणार नाही." कमी काही पडलंच नाही. फक्त मला जायचं होतं. नर्सला काम कुठेही मिळतं. मी "तुला हवं ते कर" म्हणायचे, कारण मला कोणी "चल" म्हणतच नव्हतं.

काल ड्युटीवरून आल्यावर हे सगळं मी कुशलला तोंडावर सांगितलं. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "येशील?" मी हो म्हणाले. मग आम्ही दोघंही वेड्यासारखे रडलो. समिधा घाबरून सुजितला बोलावून आली.

सकाळी शिलाँगला मीच फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, मॅडम, त्यांचं पत्र मिळालं, पण इतक्या आदराने लिहिलं होतं की ते येतो म्हणतायत की नाही म्हणतायत, हे आम्हाला समजलं नाही. महिनाभर वाट बघत होतो. मी म्हटलं, येतात, आणि एकटे येत नाहीत. वीस जूनला निघायचं आहे. माहीमच्या आईंना आज जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता कसं! माज्या पोराला घर हाय."

बाबा, आता तुमचं. तुम्ही आमच्या वाटेतून बाजूला व्हावं म्हणून गेलात, आणि हे घर खायला उठलंय. मला तुमचा राग आलाय आणि तुमच्याशिवाय करमतही नाही. म्हणून समोर बसल्यासारखं विचारते. तिथे तीन खोल्या आहेत. आमच्याबरोबर राहायला याल का? वयाचं, थंडीचं, लोकांचं काही लिहू नका. हो किंवा नाही.

प्रतीक्षा

*

नांदगाव,
२६ मे

प्रतीक्षा,

तुझ्या पत्राला उत्तर म्हणून अडीच पानं लिहिली होती. मुलीच्या घरचं पाणी पिऊ नये असं माझे वडील म्हणायचे, ते लिहिलं. सासऱ्याने जावयाकडे किती दिवस राहायचं याला नियम सापडत नाही, तेही लिहिलं. कमलाकांतने विचारलं, "दादा, तुला जायचंय का?" मी त्याला ती पानं वाचून दाखवायला लागलो. तो म्हणाला, "हे नको. जायचंय का?" तेव्हा पानं चुलीत घातली.

हो. मला यायचंय. इथे मला एक दिवसही करमलं नाही.

शनिवारी निघतो. नाशिकहून जव्हारमार्गे येणारी एसटी बोईसरच्या अलीकडे मनोरला चारच्या सुमारास पोचते. कमलाकांतने तांदळाचं एक पोतं, शेंगा आणि लोणच्याची बरणी बांधून दिली आहे, आणि ते मला उचलवत नाही. कुशलला म्हणावं, चारच्या आधी मनोरला येऊन उभा राहा. ओझं तुलाच घ्यायचंय.

बाबा